जहाजाची गोल खिडकी : कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

सहल म्हटली की आपल्या घरात आधी ठिकाण ठरते आणि मग खर्चाची जुळवाजुळव सुरू होते. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड, बोधगया, सारनाथ या वाटा आपल्या पायाखालच्या आहेत. अलीकडे मात्र बोटीच्या सहलीचा विषयही घराघरांत निघू लागला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये 'एम्प्रेस' नावाच्या मोठ्या प्रवासी जहाजाच्या मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या सुरू झाल्या. मुंबईच्या इंदिरा गोदीत उभारलेल्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. ज्या गोदीत आपल्या वडीलधाऱ्यांनी पाठीवर गोणी वाहिल्या, त्याच गोदीतून त्यांची लेकरे-नातवंडे आता तिकीट काढून प्रवासी म्हणून जहाजावर चढू शकतात. ही गोष्ट लहान नाही.

परंतु तिकिटाच्या खिडकीशी गेले की पहिलाच प्रश्न आडवा येतो. "केबिन कोणती देऊ? आतली, खिडकीची की बाल्कनीची?" समोर रंगीत पुस्तिका, पलीकडे टाय लावलेला कारकून, आणि आपल्या मनात संकोच. अशा वेळी कोणी सगळ्यात स्वस्त ते उचलतो आणि मग बिनखिडकीच्या खोलीत घरातल्या म्हाताऱ्या आईचा जीव दोन रात्री घाबराघुबरा होतो. कोणी चारचौघांत कमीपणा नको म्हणून बाल्कनी घेतो आणि पतपेढीचे हप्ते वर्षभर फेडत बसतो. या दोन टोकांच्या मध्ये एक जागा आहे. ती म्हणजे गोल खिडकीची केबिन. तिलाच 'पोर्टहोल' केबिन म्हणतात. ती कोणाला सोयीची, कोणाला गैरसोयीची आणि घ्यायचीच झाली तर काय पाहून घ्यावी, हे या लेखात सांगायचे आहे.

समुद्र आपल्याला परका नाही

समुद्र ओलांडणे हे पातक, असे या देशात शेकडो वर्षे शिकविले गेले. बौधायन धर्मसूत्रात माणसाला पतित करणाऱ्या कृत्यांची यादी आहे आणि तिच्यात समुद्रप्रवास आहे. परदेशी जाऊन आलेल्यांना प्रायश्चित्त घ्यायला लावल्याच्या हकिकती तर अगदी अलीकडच्या, इंग्रजी अमदानीतल्या आहेत.

बौद्ध परंपरेचे मात्र समुद्राशी वैर नव्हते. आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरून काढला. दूरदेशी व्यापार करणारे सार्थवाह आणि धम्म घेऊन जाणारे भिक्खू याच किनाऱ्यावरून ये-जा करीत. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात शूर्पारकच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगविली असून तिच्यात भर समुद्रातले जहाज दिसते. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत नव्वद क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वराचे शिल्प आहे. तो ज्या संकटांतून माणसांना तारतो ती संकटे त्याच्या दोन्ही अंगांना कोरली आहेत आणि त्यांत जहाजबुडीही आहे. ज्यांनी हे कोरविले त्यांना समुद्राची भीती ठाऊक होती, पण म्हणून त्यांनी समुद्र वर्ज्य केला नाही.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बोटीनेच अमेरिकेस गेले. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ४ ऑक्टोबर १९३० रोजी ते मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने निघाले, तर दुसऱ्या परिषदेसाठी १५ ऑगस्ट १९३१ रोजी 'मुलतान' बोटीने. कोट्यवधी माणसांची कैफियत अशी समुद्रमार्गे लंडनला गेली. तेव्हा बोटीवर पाऊल ठेवताना बिचकण्याचे आपल्याला काही कारण नाही.

खिडकी गोल का असते?

घराची खिडकी चौकोनी आणि जहाजाची गोल, असे का? यामागे नुसती हौस नाही. जहाजाचे पोलादी अंग लाटांवर सतत किंचित वाकते, ताणले जाते. पत्र्याला चौकोनी भोक पाडले तर त्याच्या चार कोपऱ्यांत हा ताण गोळा होतो आणि तेथून तडा जाण्याची भीती असते. गोल भोकाला कोपराच नसल्यामुळे ताण सगळ्या कडेवर वाटला जातो. म्हणून जहाजाच्या खालच्या भागात, पाण्याच्या जवळ, खिडक्या लहान, गोल आणि जाड काचेच्या ठेवतात. वरच्या मजल्यांवर लाटांचा मारा कमी, म्हणून तेथे मोठ्या चौकोनी काचा आणि बाल्कन्या चालतात.

दुसरी गोष्ट लोखंडी झाकणाची. १९६६ च्या आंतरराष्ट्रीय भाररेषा करारानुसार जहाजाच्या खालच्या भागातील अशा खिडक्यांना आतून बंद करता येणारे भक्कम धातूचे झाकण असावे लागते. समुद्र खवळला की खलाशी येऊन हे झाकण लावून टाकतात. मग खिडकीचे पैसे भरूनही खोलीत अंधार! विशेषतः जहाजाच्या पुढच्या टोकाकडील सगळ्यांत खालच्या केबिनींवर अशी वेळ येऊ शकते. त्यात कोणाची लबाडी नाही, ती सुरक्षिततेची गरज आहे. पण हे आधी ठाऊक असले म्हणजे ऐनवेळी हिरमोड होत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आजच्या मोठ्या सहलीच्या जहाजांवर ही खिडकी उघडत नाही. जुन्या बोटींवर यंत्राने हवा थंड करण्याची सोय नव्हती. तांबड्या समुद्रातून जाताना उतारू गोल खिडकी सताड उघडी ठेवीत आणि वारा आत वळविण्यासाठी तिच्यात पत्र्याचे सूप बाहेर काढून बसवीत. आता सगळे जहाज वातानुकूलित असते. तेव्हा गोल खिडकीसाठी जादा पैसे भरताना आपण हवेचे पैसे भरत नाही, उजेडाचे भरतो. "खिडकी उघडून जरा वारा घेऊ" अशा आशेने कोणी ही केबिन घेत असेल, तर त्याने ती घेऊ नये. वारा खायला सगळ्यांसाठी मोकळा डेक आहे आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

केबिनींचे चार प्रकार

साधारणपणे सहलीच्या जहाजावर चार प्रकारच्या केबिनी असतात.

पहिली आतली केबिन. हिला खिडकीच नसते. दिवा मालवला की दिवसाढवळ्या काळोख. भाडे सगळ्यांत कमी.

दुसरी समुद्र दिसणारी केबिन. हिच्यात पुन्हा दोन पोटप्रकार आहेत. खालच्या मजल्यांवर गोल खिडकी आणि त्याच्या वर मोठी चौकोनी काच. दोन्ही खिडक्या बंदच असतात. गोल खिडकीचे भाडे बहुधा चौकोनी काचेपेक्षा कमी असते.

तिसरी बाल्कनीची केबिन. दार उघडून बाहेर बसता येते. भाडे बरेच वाढते.

चौथी म्हणजे मोठ्या दालनांची, सुखवस्तू लोकांची. तिचा विचार या लेखात नको.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. केबिन कोणतीही असो, भोजनगृह, नाट्यगृह, डेक हे सर्वांना समाईक असते. आतल्या केबिनवाल्याला वेगळी पंगत नसते. काही खास विभाग जादा पैशांचे असतात, पण समुद्रावरचा सूर्यास्त सर्वांचा असतो. एकेकाळी बोटींवर वरच्या वर्गाचे उतारू वर आणि डेकवाले आपली ट्रंक-वळकटी घेऊन उघड्यावर, अशी कडक विभागणी असे. आज ती तशी उरलेली नाही. त्यामुळे स्वस्त केबिन घेतली म्हणून कोणी स्वतःला कमी लेखू नये आणि महाग घेतली म्हणून कोणी मोठा होत नाही.

बोट लागते त्यांच्यासाठी

एसटीत गाडी लागते तशी समुद्रावर बोट लागते. पोट ढवळते, डोके गरगरते. याचे कारण असे की, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते 'हलतो आहेस' आणि समोरच्या स्थिर भिंतीकडे पाहणारे डोळे सांगतात 'हलत नाहीस'. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. दूरवरच्या क्षितिजाकडे पाहिले की मेळ बसू लागतो आणि पुष्कळांना आराम पडतो.

आता झोपाळ्याची नव्हे, तर मुलांच्या खेळातल्या फळीची कल्पना करा, जिच्या दोन टोकांवर दोन मुले बसून वर-खाली होतात. टोकाची मुले जास्त हलतात, मधला टेकू जागच्या जागी राहतो. जहाजाचेही तसेच. पुढच्या आणि मागच्या टोकाला वर-खाली होणे जास्त, मध्यभागी कमी. शिवाय जहाज डावी-उजवीकडे कलते तेव्हा वरचे मजले जास्त झुलतात आणि खालचे कमी. म्हणून ज्याला बोट लागते त्याला सगळ्यांत सुखाची जागा म्हणजे खालचा मजला आणि तोही जहाजाच्या मध्यावरचा. गोल खिडकीच्या केबिनी नेमक्या खालच्याच मजल्यांवर असतात. मध्यावरची मिळाली तर हेलकावा कमी आणि नजरेला क्षितिज, असे दोन्ही फायदे एकाच जागी मिळतात. बाल्कनीच्या वरच्या केबिनीत दुप्पट पैसे मोजूनही हेलकावा जास्त, असे होऊ शकते. महाग ते सगळ्यांनाच चांगले, असे नसते ते असे.

उलट, काही जणांना काचेवर येऊन आदळणारे पाणी इतक्या जवळून पाहून भीती वाटते. अशांसाठी खिडकीला पडदा असतो, तो ओढून घ्यावा. पूर्वी कधी बोट लागलेली असेल किंवा इतर आजारांवर औषधे चालू असतील, तर मळमळीवरच्या गोळीविषयी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आवाजाचा विचार

दिवसपाळी-रातपाळी करून थकलेला माणूस सहलीला जातो तो झोपेचीही भूक घेऊन. म्हणून आवाजाचा विचार आधी करावा. सगळ्यांत पुढच्या केबिनींत नांगर सोडण्याचा खडखडाट आणि धक्क्याला लागताना जहाज आडवे सरकविणाऱ्या पंख्यांची घरघर पहाटे ऐकू येते. सगळ्यांत मागे आणि खाली यंत्राची थरथर जाणवते. भोजनगृह, स्वयंपाकघर किंवा नाचगाण्याचे सभागृह डोक्यावर असेल तर रात्री उशिरापर्यंत खुर्च्या सरकतात, पावले वाजतात.

प्रत्येक जहाजाचा मजलावार नकाशा असतो. तो मागून घ्यावा. आपल्याला देऊ केलेल्या केबिनीच्या वर आणि खाली काय आहे ते बोट ठेवून पाहावे. वर-खाली, आजूबाजूला केबिनीच असतील तर ती जागा निवांत, असे समजावे. घर घेताना वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी आहे का, शेजारी पिठाची गिरणी आहे का हे आपण पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

आणखी एक दक्षता. समुद्र दिसणाऱ्या काही केबिनींच्या काचेसमोर बचावनौका टांगलेल्या असतात. दृश्य झाकलेले म्हणून भाडे कमी. उजेड तेवढा हवा असेल तर ही केबिन वाईट नाही, परंतु समुद्र पाहायचा असेल तर फसगत होईल. गोल खिडक्या सहसा बचावनौकांच्या बऱ्याच खाली असतात, म्हणून ही अडचण तेथे क्वचित येते. तरी विचारून घ्यावे.

डावी बाजू की उजवी?

मुंबईहून गोव्याकडे जहाज दक्षिणेला जाते. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिले तर डाव्या हाताला कोकणचा किनारा आणि उजव्या हाताला मोकळा अरबी समुद्र. म्हणजे जाताना सूर्यास्त उजवीकडच्या खिडकीतून दिसेल. परत येताना सगळे उलट होईल. किनारा उजवीकडे, सूर्यास्त डावीकडे. परंतु मोठी जहाजे किनाऱ्यापासून बरीच लांबून आणि पुष्कळदा रात्रीची जातात. त्यामुळे आपले गाव खिडकीतून ओळखता येईल अशी आशा धरू नये. बाजू हा शेवटचा विचार. आधी मध्यभाग, मग शांतता, मग बाजू.

'पॉश' हा शब्द आपण सगळेच वापरतो. विलायतेहून हिंदुस्थानात येताना डावीकडच्या आणि परतताना उजवीकडच्या केबिनी सावलीच्या असत, त्या श्रीमंतांसाठी राखून ठेवीत आणि त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'पॉश' शब्द झाला, अशी गोष्ट सांगतात. सावलीचा भाग खरा आहे, परंतु शब्दाच्या जन्मकथेला कसलाही पुरावा सापडलेला नाही. ऐकीव गोष्ट कितीही गोड असली तरी पारखून घ्यावी, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे. जहाजाच्या जाहिरातीलाही तोच नियम लावावा.

कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

घरात वृद्ध आई-वडील असतील आणि त्यांना कोंडल्यासारखे होत असेल, तर गोल खिडकी अवश्य घ्यावी. जाग आल्यावर दिवस आहे की रात्र हे कळणे म्हाताऱ्या माणसाला मोठा धीर देते. शिवाय पुष्कळ जहाजांवर दवाखाना आणि उतरण्याची शिडी खालच्याच मजल्यांवर असते, म्हणजे चालणे वाचते. गुडघे दुखत असतील तर उद्वाहनाजवळची केबिन मागावी.

लहान मूल असेल तरी गोल खिडकी बरी. ती उघडत नाही, म्हणून मूल वाकून पडण्याची भीती नाही. बाल्कनी घेतली तर आईचा निम्मा जीव कठड्यापाशी अडकून राहतो.

दोन-तीन रात्रींचाच प्रवास असेल, दोघेही तरुण असतील आणि दिवसभर डेकवरच काढायचा असेल, तर आतली केबिन पुरेशी आहे. उरलेल्या पैशांत मुलांसाठी दुसरे काही करता येईल. रातपाळीमुळे ज्यांना काळोखातच झोप लागते त्यांनाही आतली केबिनच मानवते.

चौघांचे कुटुंब एकाच केबिनीत राहणार असेल तर बर्थची चौकशी करावी. दोन खाटा खाली आणि दोन भिंतीतून निघणाऱ्या वर, अशी रचना असते, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखी. वर शिडीने चढावे लागते. आजी-आजोबांना वरचा बर्थ येऊ नये याची खात्री आधीच करून घ्यावी. खिडकीची केबिन आतल्यापेक्षा मोठी असेलच असेही नाही. पुष्कळदा लांबी-रुंदी तीच असते, फरक खिडकीचाच.

पैशांचा हिशेब

पुस्तिकेत छापलेला दर बहुधा माणशी असतो आणि तो एका केबिनीत दोघे राहतील असे धरून असतो. एकट्याने गेल्यास जादा भरावे लागते. त्यावर बंदराचे शुल्क, कर आणि सेवाशुल्क येते. दारू, खास जेवण, किनाऱ्यावरची सहल, इंटरनेट हे बहुतेक वेगळे. म्हणून दर न विचारता "सगळे धरून आमच्या चौघांचे एकूण किती?" असे विचारावे आणि तो आकडा कागदावर लिहून घ्यावा.

'क्रमांक नंतर मिळेल' अशा स्वस्त तिकिटाचाही एक प्रकार असतो. त्यात केबिनीचा प्रकार ठरतो, पण जागा जहाज कंपनी ठरवते. पैसे वाचतात, मात्र मध्यभाग मिळेल की टोक, ते आपल्या हाती राहत नाही. ज्याला बोट लागते त्याने हे तिकीट घेऊ नये.

विम्याचीही चौकशी करावी. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. ती बोट पाणतीराच्या माऱ्याने बुडाली आणि कष्टाने जमविलेले ग्रंथ समुद्रात गेले. त्या सामानाबद्दल नुकसानभरपाईचे सहाशे रुपये त्यांना मिळाले, ते घरखर्चाला आणि नोकरीसाठी बडोद्याला जाण्याच्या कामी आले, अशी त्यांच्या चरित्रात नोंद आहे. ग्रंथ परत आले नाहीत, परंतु अडल्या वेळी पैसा हाती आला. आजाराने सहल रद्द झाली तर किती पैसे परत मिळतील, हा प्रश्न विचारण्यात अशुभ काही नाही.

आणि कर्ज काढून खिडकी घेऊ नये. मुलांच्या फीचे, औषधपाण्याचे पैसे बाजूला ठेवून जे उरते त्यात आतली केबिन बसत असेल तर तीच आपली केबिन.

तिकीट काढताना विचारायचे प्रश्न

१. ही केबिन कोणत्या मजल्यावर आणि जहाजाच्या पुढे, मध्ये की मागे?
२. खिडकी गोल की चौकोनी? समोर बचावनौका किंवा लोखंडी खांब आहे का?
३. वर आणि खाली काय आहे? नकाशा दाखवा.
४. खाटा किती आणि वरचे बर्थ किती?
५. सगळे धरून एकूण रक्कम किती? रद्द केल्यास परत किती?
६. कोणती ओळखपत्रे लागतील? परदेशी बंदर असेल तर प्रत्येकाचा पासपोर्ट लागतो.
७. घरात कोणी गरोदर असल्यास चालेल का? बहुतेक कंपन्या चोवीस आठवड्यांपुढे घेत नाहीत.

हे प्रश्न विचारताना संकोच करू नये. इंग्रजीत विचारता आले नाही तर मराठीत विचारावेत. पैसे आपले आहेत.

जहाजावर पोहोचल्यावर

केबिनीत शिरल्याबरोबर खिडकी पाहण्यापूर्वी दाराच्या मागे लावलेला सुटकेचा मार्ग वाचावा आणि जीवरक्षक जाकिटे कोठे आहेत ते पाहावे. लहान मुलांसाठी लहान मापाचे जाकीट मागून घ्यावे. खालच्या मजल्यावरून जिन्याने एकदा वर चालत जाऊन पाहावे, कारण आपत्तीच्या वेळी उद्वाहन वापरायचे नसते.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या घरांना ती आठवण अजून आहे. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे मोठे सहलीचे जहाज खडकावर आदळून ३२ जण मृत्युमुखी पडले. तेथे नुकतेच चढलेल्या शेकडो उतारूंची सुटकेची तालीमच झालेली नव्हती. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही तालीम जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. भोंगा वाजला की फोटो काढणे थांबवून घरातल्या सगळ्यांनी तालमीला जावे.

खिडकी नसलेल्या खोल्यांतली माणसे

गोल खिडकीच्याही खाली मजले असतात. तेथे केबिन झाडणारे, भांडी घासणारे, कपडे धुणारे, यंत्रावर राबणारे कामगार राहतात. त्यांच्या खोल्यांना बहुधा खिडकी नसते. सागरी कामगार करार २००६ प्रमाणे मालवाहू जहाजांवर झोपण्याच्या खोल्या भाररेषेच्या वर असाव्या लागतात, मात्र प्रवासी जहाजांवर दिवे आणि हवा यांची समाधानकारक सोय असेल तर त्या भाररेषेखालीही ठेवण्याची परवानगी देता येते. भारताने या करारास ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्यता दिली.

या कामगारांत महाराष्ट्राची, गोव्याची मुले आहेत. आपल्या वस्त्यांतलीही मुले या नोकरीची स्वप्ने पाहतात. त्यांच्या आई-बापांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जहाजावर भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, तो आधी तपासावा. आणि याच करारानुसार नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून फी घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, खलाशाचे पुस्तक, पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याचा. लाखो रुपये मागणाऱ्या दलालाच्या दारात दागिने मोडून जाऊ नये.

सकाळी जो मुलगा आपली चादर बदलायला येईल त्याला 'अरे-तुरे' करू नये, त्याचे नाव विचारावे. आपल्या खोलीत येणारा उजेड त्याच्या खोलीत येत नाही. माणसाचे मोल त्याच्या कामावरून आणि जागेवरून ठरविण्याची रीत ज्यांनी सोसली, त्यांनी ती दुसऱ्याला लावू नये. घरी निघताना त्याच्याविषयी दोन चांगले शब्द कंपनीच्या अभिप्रायाच्या कागदावर त्याच्या नावानिशी लिहावेत. नोकरी टिकवायला आणि बढती मिळवायला त्याला त्याचा उपयोग होऊ शकतो. लिहायला दोन मिनिटे लागतात आणि लिहिता येणे हे आपल्याला कोणाच्या कष्टाने मिळाले, हे आपण जाणतोच.

जय भीम.